पानगळीच्या बेटावर दोन विहिणी

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्याचा समुद्रकिनारा आपल्या कोकणासारखाच खाड्यांनी कातरलेला. मात्र माडांच्या जागी तेथे थेट पाण्यापर्यंत उतरलेली सूचिपर्णी झाडे आणि वाळूच्या जागी गुलाबी छटेचा ग्रॅनाइट खडक. या किनाऱ्याला लागून, एका लहानशा पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले माउंट डेझर्ट नावाचे बेट आहे. सप्टेंबर १६०४ मध्ये सॅम्युएल द शांप्लँ हा फ्रेंच दर्यावर्दी येथून जात असता त्याला डोंगरांचे माथे उघडेबोडके दिसले, म्हणून त्याने हे नाव दिले. वाळवंटाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्याआधी हजारो वर्षे येथे वाबानाकी लोक राहत आणि बर्चच्या सालीच्या होड्या वल्हवत. त्यांच्या नावाचा अर्थच ‘उषेच्या भूमीतील लोक’ असा आहे. आज बेटाचा जवळजवळ अर्धा भाग अकेडिया राष्ट्रीय उद्यानात मोडतो. गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आमच्या विहीणबाई या बेटावर पाच दिवस राहून आलो.

आपल्याकडे शरद म्हणजे निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे, शेतात उभी असलेली ज्वारीची कोवळी ताटे. पानगळ ही आपल्याकडे शिशिराची. तेथे हे दोन्ही ऋतू एकाच पंधरवड्यात येतात. दिवस लहान होऊ लागले की पान आणि फांदी यांच्यामधली वाट हळूहळू बंद होते. नवे हरितद्रव्य तयार होत नाही आणि असलेले विरून जाते. मग उन्हाळाभर त्याखाली झाकलेला पिवळा रंग वर येतो. बर्चच्या पानांतले सोने असे मुळातलेच असते. मेपलचा लाल रंग मात्र पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून त्याच दिवसांत नव्याने घडतो. झाड पान सोडून देण्याच्या बेतात असताना त्यात हा एवढा रंग ओतते, हे मला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वाचूनही कधी खरे वाटले नव्हते.

सहल केवळ स्त्रियांसाठी होती. दहा प्रवासी, दोन वाटाड्या, त्याही स्त्रियाच. पहिल्या दिवशी पोहोचायचे, मग एक दिवस सायकल, एक दिवस डोंगर आणि तळ्याकाठची पायवाट, एक दिवस पहाटेचे शिखर व विश्रांती आणि शेवटच्या सकाळी समुद्रात कयाक, असा बेत. मुक्काम तंबूत नव्हता, एका जुन्या लाकडी वसतिगृहात होता. बॉस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या लेकीने आम्हा दोघींची नावे परस्पर नोंदवली आणि मग सांगितले. जावयांनी विचारले, “झेपेल का?” तेवढ्यावर विहीणबाई म्हणाल्या, “झेपवू.” बॉस्टनहून गाडीने पाचेक तासांची वाट.

मी सांगलीची, शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झालेली. विहीणबाई बेळगावच्या, वय माझ्याहून दोन वर्षांनी अधिक, यजमान जाऊन दोन वर्षे झालेली. आमची सोयरीक होऊन चार वर्षे लोटली, तरी आम्ही एकमेकींना ‘आपण’ म्हणत होतो. आपल्या समाजात विहिणीविहिणींचे नाते कसे असते हे वाचक भगिनींना सांगायला नको. साडी देताना घडी मोडणार नाही याची काळजी घ्यायची आणि बोलताना शब्द मोडणार नाही याची. त्यात एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली होती. पहिले बाळंतपण माहेरचे. पण लेक परदेशात, आणि माझ्या व्हिसाची तारीख लांबत गेली. त्या आधीच येऊन पोहोचल्या होत्या. बाळंतपण त्यांनी केले, बाळाला पहिले न्हाऊ त्यांनी घातले, आणि मी गेले तेव्हा नातू सहा महिन्यांचा होऊन त्यांच्याच कडेवर हसत होता. यात कोणाचा दोष नव्हता, म्हणूनच तो विषय काढताही येत नव्हता.

सायकलीचा दिवस सर्वांत आधी आला. या बेटावर सायकल चालवण्याजोगे जे रस्ते आहेत त्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बेटावर मोटारींना वाट मोकळी झाली. येथे उन्हाळा घालवायला येणाऱ्या धनिकांपैकी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांना घोडागाडीची हौस होती आणि मोटारींचा गोंगाट नको होता. त्यांनी १९१३ ते १९४० या काळात स्वखर्चाने सुमारे ५७ मैलांचे रस्ते बांधवून घेतले. त्यांतील ४५ मैल आज राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि त्यांवर अजूनही मोटार येऊ शकत नाही. ज्या घराण्याची सारी संपत्ती ‘स्टँडर्ड ऑइल’ या तेलाच्या कंपनीतून आली, त्याच घराण्याच्या वारसाने मोटारीला मज्जाव असलेले रस्ते बांधावेत, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटला. पुढे उद्यानातील मोटाररस्त्यांनाही त्यांनीच पैसा दिला, हेही सांगितले पाहिजे.

रस्ता सोळा फूट रुंद. खडी तीन थरांत दाबलेली, मध्यभाग किंचित उंच ठेवलेला, म्हणजे पाऊस दोन्ही कडांना वाहून जातो. कडेला ग्रॅनाइटचे ओबडधोबड चौकोनी दगड ओळीने रोवलेले आहेत. लोक त्यांना गमतीने रॉकफेलरचे दात म्हणतात. घोड्याला दम लागू नये म्हणून चढ सौम्य ठेवला होता. शंभर वर्षांपूर्वी घोड्याचा जो विचार झाला, त्याचा लाभ आज साठीच्या गुडघ्यांना होतो. ओढे आणि दऱ्या ओलांडणारे सतरा दगडी पूल आहेत, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. पहिला १९१७ चा, नदीतल्या गोल गोट्यांचा. बाकीचे बहुतेक कातीव ग्रॅनाइटचे. आम्ही एका पुलाखाली उतरून वर पाहिले तेव्हा कमानीच्या दगडांतून पाणी ठिबकत होते आणि त्या ओलीत शेवाळाची हिरवी रेघ उमटली होती.

रस्त्याच्या कडेची झाडी पाहून ती आपसूक उगवली असावी असे वाटते. ती तशी नाही. या रस्त्यांच्या बाजूला कोठे काय लावावे, कोठे झाडी विरळ ठेवून तळे दिसू द्यावे, याचा सल्ला बिअॅट्रिक्स फरांड या उद्यानरचनाकार बाईंनी दिला होता. १८९९ साली अमेरिकेतील उद्यानरचनाकारांची जी संस्था स्थापन झाली तिच्या अकरा संस्थापकांत त्या एकट्याच स्त्री होत्या. बार हार्बर गावात त्यांचे घर होते. आमच्या वाटाड्या बाईंनी एका वळणावर थांबवून सांगितले, “आता पुढे बघा.” वळण संपले आणि पडदा बाजूला व्हावा तसे ईगल लेक समोर आले. पाण्यावर पलीकडच्या टेकडीचा लाल-पिवळा रंग हलत होता.

मी सांगलीत शाळेत सायकलनेच जात असे; कृष्णाकाठचा सपाट मुलूख, तेथे सायकल हेच वाहन. विहीणबाईंनी मात्र मुलीपणी बेळगावात भावाची सायकल चालवली होती, ती लग्नानंतर पंचेचाळीस वर्षांत कधी नाही. त्यांच्यासाठी आणलेली सायकल उंचीला कमी आणि दांडी खाली झुकलेली होती. वाटाड्या बाई सीट धरून धावतील असे मला वाटले होते. त्यांनी तसे काहीच केले नाही. पेडल काढून टाकले, सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, आणि थोड्या उतारावर पायांनीच ढकलत जायला सांगितले. दहा मिनिटांत विहीणबाई पाय उचलून तोल सांभाळू लागल्या. मग पेडल परत बसले. “सीट धरणारा सुटला की माणूस पडतो,” वाटाड्या म्हणाल्या, “म्हणून आम्ही धरतच नाही.” दुपारपर्यंत आम्ही दहा-बारा मैल फिरलो. पुरुष सोबत नसल्याचा एक फायदा लगेच कळला: सायकल उचलून गाडीच्या मागच्या कड्यावर कशी अडकवायची हे प्रत्येकीला शिकावे लागले, कारण “द्या इकडे” म्हणणारे कोणी नव्हते.

याच वाटेवर एक गोष्ट ऐकली, जिच्यामुळे समोरचा सारा देखावा मला निराळा दिसू लागला. १९४७ चा उन्हाळा बेटावर अतिशय कोरडा गेला. १७ ऑक्टोबरला आग लागली. काही दिवस ती एका भागात धुमसत राहिली आणि मग वाऱ्याने उसळून बार हार्बरपर्यंत आली. गावातील शेकडो माणसे धक्क्यावर जमली आणि कोळ्यांच्या नावांनी त्यांतील अनेकांना पलीकडे नेले. धनिकांचे सदुसष्ट बंगले आणि कायम राहणाऱ्यांची एकशे सत्तर घरे जळाली. एकूण १७,००० एकरांहून अधिक भूमी होरपळली, तिच्यातील १०,००० एकरांहून अधिक राष्ट्रीय उद्यानाची. आग पूर्ण विझल्याचे १४ नोव्हेंबरला जाहीर झाले. त्याआधी येथे बहुतांश स्प्रूस आणि फर ही बारमाही गर्द हिरवी झाडे होती. जळलेल्या भूमीवर ऊन पडले आणि तेथे बर्च व अॅस्पेन आधी उगवले, ज्यांना सावली सोसत नाही आणि उजेड हवा असतो. म्हणजे बेटाच्या पूर्व भागात ज्या सोनेरी झाडीसाठी आज दूरदूरचे लोक येतात ती मोठ्या प्रमाणात त्या आगीची देणगी आहे. या झाडांच्या सावलीत आता पुन्हा स्प्रूसची रोपे वर येत आहेत. कालांतराने ती वरचढ होतील आणि सोने पुन्हा हिरव्यात जाईल. गावातील वृद्धांना हे सौंदर्य कसे वाटत असेल, असे मी वाटाड्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, त्यांच्या आजीचे घर त्या आगीत गेले होते आणि आजी ऑक्टोबरात कधी फिरायला निघत नसे.

दुसरा दिवस पायी चालण्याचा. जॉर्डन पाँड नावाचे तळे आहे, हिमयुगातील बर्फाने कोरलेले. कोठे कोठे त्याची खोली दीडशे फूट आहे. परिसराला पिण्याचे पाणी येथूनच जाते, म्हणून त्यात पोहणे तर सोडाच, पाय बुडवायलाही मनाई आहे. पाण्याबद्दलची ही मर्यादा आम्हा दोघींना फार आवडली. उत्तरेला ‘बबल्स’ नावाच्या दोन गोल टेकड्या आहेत. दक्षिणेकडच्या टेकडीच्या कड्यावर एक प्रचंड पांढुरका खडक असा टेकलेला आहे की हात लावला तर गडगडेल. तो येथला नाहीच. वायव्येकडून, दूरवरून हिमनदीने तो वाहून आणला आणि बर्फ वितळल्यावर येथेच सोडून दिला. त्याचे कण मोठे आणि पांढरे, तर त्याखालचा खडक गुलाबी. दोघींनी मिळून त्याला ढकलून पाहिले. तेथे आलेली प्रत्येक व्यक्ती हेच करते म्हणे.

तळ्याभोवतीची वाट सुमारे साडेतीन मैलांची. पश्चिमेच्या बाजूला दलदल आहे, तेथे जमिनीपासून हातभर उंचीवर लाकडी फळ्या टाकल्या आहेत. दोन फळ्या शेजारीशेजारी, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी रुंदी. विहीणबाई पुढे, मी मागे. बाकीच्या बायका बऱ्याच पुढे गेल्या होत्या. फळ्यांवर लक्ष ठेवायचे असल्याने मान वर करता येत नव्हती आणि चेहरा दिसत नसल्याने बोलायला सोपे जात होते. तेथे त्या अचानक म्हणाल्या, “त्या रात्री मी फार घाबरले होते.” कोणती रात्र हे मला विचारावे लागले नाही.

मग त्या बोलत राहिल्या आणि मी त्यांच्या पाठीकडे पाहत चालत राहिले. इस्पितळात भाषा कळत नव्हती. मुलगा आत-बाहेर करत होता. त्यांची स्वतःची दोन्ही बाळंतपणे बेळगावात आईच्या घरी झाली होती. आता सून कळा देत होती आणि तिची आई सात समुद्रांपलीकडे. “ती तुम्हालाच हाक मारत होती,” त्या म्हणाल्या, “आणि मी ओ देत होते.” मी काही बोलले नाही. त्या पुढे म्हणाल्या, “बाळाला न्हाऊ घालताना रोज तिला सांगायचे, आई येईपर्यंत मी. ते सहा महिने झाले. मला कोणी सांगितले नाही की तुम्हाला वाईट वाटले असेल. पण मला कळत होते.” नंतर पाचशे पावले तरी आम्ही नुसत्या चाललो. फळ्या संपल्या तेथे त्या थांबल्या आणि मला पुढे जाऊ दिले.

तळ्याच्या दक्षिणेला एक चहागृह आहे. हिरवळीवर बसून चहा आणि ‘पॉपओव्हर’ नावाचे फुगीर पाव खाण्याची प्रथा तेथे शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. त्या पावांत अंडी असतात, त्यामुळे आम्ही चहावर थांबलो आणि डबा उघडला. विहीणबाईंनी बेळगावहून कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणली होती. आमच्यातील एक निवृत्त परिचारिका आणि एक शाळेची बस चालवणारी बाई, दोघींनी ती भाकरी मोडून पाहिली आणि विचारले, ही किती दिवस टिकते? “महिना,” म्हटल्यावर त्यांनी आपला पाव बाजूला ठेवला.

खाण्यापिण्याचा प्रश्न अशा सहलीत अवघड होईल अशी आम्हाला धास्ती होती. मेन हा शेवंडांचा मुलूख. बेटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोठमोठ्या हंड्यांतून वाफ निघत असते आणि आत जिवंत प्राणी टाकले जातात. आम्ही तेवढा रस्ता खिडकीकडे पाठ करून काढला. पण निघण्यापूर्वी भरून दिलेल्या कागदावर आम्ही सविस्तर लिहिले होते: मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा, लसूण, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. ऑक्टोबरच्या मध्याला तेथे सायंकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो आणि मंडळींचे जेवण सातला असे. पहिल्या दिवशी पाच वाजता वसतिगृहाच्या स्वयंपाकीण बाईंनी भात, राजमा, भोपळ्याचे सार आणि सफरचंदे आमच्यापुढे ठेवली, आणि आम्हाला एकटे वाटू नये म्हणून स्वतः चहा घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी पाचच्या पंगतीला आम्ही पाच जणी होतो. कोणी तत्त्व म्हणून आले नव्हते. दिवसभर चालून भूक लागली होती आणि लवकर जेवले की झोप चांगली लागते, एवढेच. ज्या भगिनींना असा प्रवास करायचा असेल त्यांना माझे एवढेच सांगणे की संकोचाने ‘आम्ही काहीही चालवून घेऊ’ असे लिहू नये. नेमके लिहावे. नेमके लिहिलेले स्वयंपाक करणाराला सोपे जाते. आणि बरोबर कोरडा फराळ असू द्यावा.

कॅडिलॅक हे बेटावरील सर्वांत उंच शिखर, १,५३० फुटांचे. ७ ऑक्टोबर ते ६ मार्च या काळात अमेरिकेतील पहिला सूर्योदय तेथून दिसतो असे म्हणतात, म्हणून पहाटे तेथे गर्दी उसळते. आम्हीही गेलो, गाडीनेच. थंडी फार, माणसे फार. सूर्य मात्र उत्तम उगवला.

वाटाड्यांविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण शेवटच्या दिवशी आमची सारी भिस्त त्यांच्यावर होती. मेनमध्ये पैसे घेऊन लोकांना जंगलात वा पाण्यावर नेणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो. समुद्रातील कयाकसाठी वेगळी परीक्षा असते. ही नोंदणी १८९७ साली सुरू झाली आणि पहिला परवाना मिळाला तो एका स्त्रीला. कॉर्नेलिया क्रॉस्बी तिचे नाव. ती शिकार आणि मासेमारी करणारी होती. त्या बाबतीत आपण तिला नमस्कार करू शकत नाही. पण ज्या काळात तिच्या राज्यातील स्त्रीला राष्ट्रीय निवडणुकीत मतही नव्हते त्या काळात राज्याने रानाची वाट दाखवायला पहिली निवडली ती बाई, ही नोंद माझ्या मनात राहिली.

शेवटच्या सकाळी ओहोटी होती. बार हार्बर गावासमोर बार आयलंड नावाचे बेट आहे; ओहोटीला मधली गोट्यांची वाट उघडी पडते आणि लोक चालत तेथे जाऊन येतात. भरती-ओहोटीत येथे पाण्याच्या पातळीत दहा-बारा फुटांचा फरक पडतो. त्या वाटेच्या कडेनेच कयाक पाण्यात सोडल्या. दोघींना एक. लांबट, अरुंद होडी. बसायला दोन भोके. कमरेला घालायचे रबरी कापडाचे झाकण त्या भोकाच्या कडेला ताणून बसवायचे, म्हणजे पाणी आत येत नाही. उलटलो तर समोरची दोरी ओढून झाकण सोडवायचे आणि बाहेर यायचे. हे प्रत्येकीकडून कोरड्या जमिनीवर तीन वेळा करून घेतले. पुढे बसणारी वल्ह्याची लय ठरवते, मागे बसणारीच्या पायांत सुकाणू असते. “सुकाणू कोण घेणार?” असे विचारल्यावर मी म्हणाले, “आपण घ्या,” आणि त्या म्हणाल्या, “नाही नाही, आपणच.” वाटाड्या बाईंना मराठी येत नव्हते, तरी काय चालले आहे हे त्यांना कळले असावे. त्यांनी विहीणबाईंना मागे बसवले.

पहिला तास स्वप्नासारखा गेला. पाणी काचेसारखे, तळाचे शेवाळ दिसणारे. जागोजाग रंगीत तरंगते खुंट. प्रत्येक कोळ्याचा रंगांचा मेळ वेगळा आणि नोंदलेला. प्रत्येक खुंटाखाली पिंजरा आहे हे कळल्यावर मागून विहीणबाईंचा णमोकार हलकेच ऐकू येऊ लागला. त्या लयीत माझे वल्हे आपोआप पडू लागले आणि होडी सरळ चालू लागली. एक सील पंचवीस हातांवर डोके काढून आमच्याकडे पाहत राहिला. म्हाताऱ्या माणसासारखे ओले, गंभीर तोंड. मग तो आवाज न करता खाली गेला.

शीप पॉर्क्युपाइन या बेटाच्या आडोशातून बाहेर पडलो आणि वारा लागला. लांबवरच्या बेटापर्यंत जाण्याचा बेत होता. समोर लाटांचे माथे पांढरे होऊ लागले. वाटाड्या बाईंनी शिट्टी वाजवली, सर्व होड्या जवळ घेतल्या आणि सांगितले, परत फिरायचे. दोघी तरुण मुलींनी कुरकुर केली. पैसे भरले आहेत, वारा एवढा काही नाही. बाईंनी आवाज चढवला नाही. “पाणी बारा-तेरा अंशांचे आहे,” त्या म्हणाल्या. “आत पडलात तर काही मिनिटांत बोटे मिटणार नाहीत. मला दहा जणींना वर घ्यायचे आहे. मी दोघींना घेऊ शकते.” हिशेब साधा होता आणि त्यावर कोणाला उत्तर नव्हते.

फिरताना होडी वाऱ्याला आडवी झाली. एक लाट झाकणावर येऊन फुटली आणि थंडीने माझा श्वास अडकला. वल्हे हातात तसेच राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं थांबू नको! डावीकडं मार! मार की गं!” चार वर्षांत त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हटले होते ते एकदाच, त्या फळ्यांवर. मी मारले. “आणखी! जोरात! आता उजवं!” मी ओरडले, “सुकाणू दाब की मग!” “दाबलंय!” होडीचे नाक हळूहळू वळले, लाटा मागून येऊ लागल्या आणि आम्ही जणू ढकलल्या गेल्यासारख्या आडोशाकडे निघालो. त्या वीस मिनिटांत आम्ही एकमेकींना काय काय म्हणालो ते येथे छापण्याजोगे नाही. अपशब्द नव्हते, पण विहिणींचे शब्दही नव्हते.

किनाऱ्याला लागलो तेव्हा सकाळी जी वाट उघडी होती तेथे कमरेएवढे पाणी झाले होते. झाकण सोडवायला बोटे वळेनात. परिचारिका बाईंनी आम्हा दोघींना बाहेर ओढले. थर्मासमध्ये सुंठीचा चहा होता. विहीणबाईंनी तो झाकणात ओतला, तेव्हा हात इतके थरथरत होते की अर्धा वाळूवर सांडला. तेवढ्यात लेकीचा फोन आला, सहल कशी झाली, नीट आहात ना, असे विचारून झाल्यावर तिने आवाज उतरवून सासूबाईंना विचारले, “आणि तुम्ही दोघी? भांडला नाहीत ना?”

“भांडलो की,” विहीणबाई म्हणाल्या, आणि चहाचे झाकण माझ्यापुढे केले.